काटा कोणाच्या हातात?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कपाशीचा भाव, ज्वारीची खरेदी, पीक विमा हे सगळं सोडून आज निवडणुकीचा विषय कशाला काढला, असं दोघातिघांनी आल्याआल्या विचारलं. विचारणं रास्त आहे. निवडणूक म्हटली की नाक मुरडायची आपल्या चळवळीची जुनी सवय आहे, आणि ती फार वाईट सवय आहे असं आम्हाला वाटत नाही. पण मत कोणाला द्यावं हे सांगायला आम्ही उभे नाही. मत घ्यायचं की नाही, कधी घ्यायचं, कोणत्या गावाचं मत कोणत्या गावाबरोबर मोजायचं, हे कोण ठरवतं, तेवढंच आज बोलायचं आहे.

कापसाची गाडी घेऊन गेल्यावर आपण आधी काय पाहतो? भाव नंतर. आधी काटा पाहतो. काटा कोणाचा आणि तोलणारा कोणाचा माणूस, हे पाहतो. घेणाराच तोलायला बसला की भाव कितीही चढा असो, घरी येऊन हिशेब जुळत नाही. एकाधिकार खरेदीच्या दिवसांत ग्रेडरच्या एका शेऱ्याने चांगल्या कापसाचं काय व्हायचं, ते इथल्या पांढऱ्या डोक्यांना सांगायला नको. गावच्या आणि जिल्ह्याच्या निवडणुकीचा काटा असाच घेणाऱ्याच्या हातात गेला, त्याची ही गोष्ट आहे.

जिल्हा परिषदा आल्या १९६२ साली. १९७९ मध्ये त्यांची निवडणूक झाली, आणि पुढची झाली १९९२ मध्ये. मध्ये तेरा वर्षं गेली. पहिलीत घातलेलं पोर कॉलेजात पोचलं, पण झेडपीला मुहूर्त मिळाला नाही. याच काळात, नोव्हेंबर १९८६ मध्ये, चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या निवडणुका बायांनीच लढवायच्या असं तिथे ठरलं. सरकारने निवडणुकाच पुढे ढकलल्या. लढायला माणसं तयार, पण मैदानाला कुलूप आणि किल्ली समोरच्याच्या खिशात! महिला आघाडीने मग १९८९ मध्ये ग्रामपंचायती धरल्या. जळगावातलं विटनेर, यवतमाळातलं मेटीखेडा अशा गावांत पूर्ण बायांची पॅनेलं उभी राहिली. मोठं कुलूप मात्र तसंच राहिलं.

हे कुलूप काढायला घटना बदलावी लागली. २४ एप्रिल १९९३ पासून ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली. त्यातली दोन कलमं प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हवीत. कलम २४३ ई सांगतं की पंचायतीची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपायच्या आत नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे. कलम २४३ के सांगतं की मतदारयाद्या आणि निवडणुका यांची देखरेख राज्य निवडणूक आयोगाकडे राहील, मंत्रालयाकडे नाही. अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं की प्रभागरचना चालू आहे, अमुक तयारी व्हायची आहे, असल्या सबबीवर पाच वर्षांची मुदत ओलांडता येत नाही.

पण कुंपण घालताना एक फाटक राहून गेलं. निवडणुकीच्या बाकी बाबींवर विधिमंडळाला कायदा करता येईल, असं त्याच कलमात पुढे लिहिलं आहे. गुरं शिरायला तेवढं फाटक पुरतं.

२०२१ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी अटी घातल्या. वेगळा आयोग नेमा, आकडेवारी गोळा करा, एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या वर नेऊ नका. प्रश्न खरा होता. आपल्यातल्याच किती माळी, धनगर, तेली भावांच्या जागांचा तो प्रश्न होता. त्यावर सरळ उपाय म्हणजे झटपट आकडेवारी गोळा करणं. सरकारने काय केलं? मार्च २०२२ मध्ये कायदे बदलून प्रभागरचनेचा, म्हणजे आपल्याकडे गट आणि गण पाडायचा, अधिकार आयोगाकडून स्वतःकडे घेतला. आयोगाने केलेलं काम रद्द ठरवलं. एरवी माइक उपटणारे दोन्ही बाजूंचे आमदार त्या दिवशी एकमताने हो म्हणाले. आम्हाला तर हीच या प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते.

४ मे २०२२ ला न्यायालयाने सांगितलं की ११ मार्चच्या आधी जी रचना होती ती धरून आयोगाने पुढे जावं. मग सरकार बदललं. नव्या सरकारने ऑगस्टमध्ये जागांची संख्या पुन्हा २०१७ च्या हिशेबावर नेली. पुन्हा कोर्ट, आणि कोर्टाचं ‘जैसे थे’. पुढे तारखेवर तारीख. शेवटी मे २०२५ मध्ये न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका उरका असं सांगावं लागलं, आणि सप्टेंबरमध्ये तीही मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवावी लागली. सरकारं दोन झाली, पक्ष फुटून चार झाले. आपल्या हातचा काटा सोडायला कोणीच तयार नव्हतं.

आता कोणी म्हणेल, झेडपीचे सदस्य असले काय आणि नसले काय, ठेकेदारीच करतात. करतात, काही करतात. पण मार्च २०२२ मध्ये पंचवीस जिल्हा परिषदांची मुदत संपली तेव्हा झालं काय ते बघा. मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले, पंचायत समितीत गटविकास अधिकारी झाले. म्हणजे प्रस्ताव करणारा तोच, मंजूर करणारा तोच, आणि खर्च बरोबर झाला म्हणणाराही तोच. कृषी समिती बसली नाही. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांच्या विहिरींची योजना जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडे असते. त्या यादीत नाव का नाही, हे सभेत उठून विचारायला माणूस नव्हता. पांदण रस्त्याचं तेच. वाईट सदस्याला पाच वर्षांनी पाडता येतं. प्रशासकाची फक्त बदली होते, तीही आपल्या सांगण्यावरून नाही.

सोसायटी आणि बाजार समिती बघा. सहकारी संस्थांच्या कायद्यात कलम ७३ सीसी आहे. दुष्काळ, टंचाई, पूर, पावसाळा यांसाठी निवडणूक पुढे ढकलायचा अधिकार त्यात सरकारला आहे. कोरडवाहू मुलखात दुष्काळ आणि पावसाळा सोडून उरतं काय, ते तुम्हीच सांगा! बाजार समितीत सोसायटीचे संचालक आणि ग्रामपंचायत सदस्य मतदार. सोसायटी अडली की बाजार समिती आपोआप अडते. माल आणणाऱ्या शेतकऱ्याला थेट मत २०१७ मध्ये दिलं, २०२० मध्ये काढून घेतलं. सरपंच थेट जनतेतून, हेही २०१७ मध्ये आलं, २०२० मध्ये गेलं, २०२२ मध्ये परत आलं. थेट निवड चांगली की वाईट यावर आपल्यात दोन मतं आहेत, असू द्या. पण मतदार कोण आणि निवडायचं कसं, हे दर सत्तांतराला बदलत असेल तर तो कायदा नव्हे, सोय आहे.

आयोग म्हणजे देव, असंही आम्ही म्हणत नाही. आयुक्त नेमतात राज्यपाल, म्हणजे व्यवहारात सरकारच. प्रत्यक्ष काम करतात जिल्हाधिकारी, तहसीलदार, तलाठी, गुरुजी. म्हणून आपली मागणी अर्धवट नको. गट-गणांची आखणी आणि आरक्षणाचं चक्र कायद्याने आयोगाकडे द्या, निवडणुकीच्या काळात माणसं त्याच्या हुकमात ठेवा, आणि ७३ सीसीमधून दुष्काळ-पावसाळ्याची सबब काढा.

मागणी मुंबईला जाईल तेव्हा जाईल. गटाची रचना कागदावर उतरते ती मात्र जिल्ह्यात. प्रारूप प्रसिद्ध होतं, हरकतींना ठरावीक दिवस मिळतात, आणि बहुतेक वेळा तहसीलच्या फळ्यावर कागद लागल्याचं आपल्याला मुदत संपल्यावर कळतं. जिथे नाल्यापलीकडची, रस्ता नसलेली चार गावं एका गणात कोंबली जातात, तिथे हरकत लेखी, मुदतीत, पोच घेऊन गेली पाहिजे. तोंडी तक्रारीची नोंद होत नाही. प्रत्येक तालुक्याने दोन माणसं या कामाला द्यावीत. त्यातली एक बाई असावी. त्यांनी २०१७ ची गट-गण रचना आणि गावांची यादी आणून ठेवावी, म्हणजे नवा कागद लागला की कोणतं गाव कुठे सरकवलं ते त्याच दिवशी कळेल. नावं आज जेवणाच्या सुट्टीआधी कार्यालयाच्या टेबलावर लिहून द्यावीत.