तीन रिमोट, एक केबल

तुम्ही पुण्यात, आजी शिरूर-दौंडकडं घरी. टीव्ही, स्ट्रीमिंग बॉक्स, साउंडबार असे तीन रिमोट तिच्यापुढं. एक बटण चुकलं की टीव्ही मुका!

उपाय एचडीएमआय केबलमध्येच आहे. केबलची १३ नंबरची पिन एका उपकरणाचा हुकूम दुसऱ्याला पोचवते. हेच सीईसी. कंपन्यांची नावं मात्र वेगळी: सॅमसंगचं ॲनीनेट प्लस, सोनीचं ब्राव्हिया सिंक आणि आपल्या रांजणगावात कारखाना असलेल्या एलजीचं सिम्पलिंक. टीव्ही आणि बॉक्स, दोन्हीच्या सेटिंगमध्ये ते चालू करा. साउंडबार ‘एआरसी’ लिहिलेल्या पोर्टलाच जोडा.

लाईट जाऊन आल्यावर गडबड झाली, तर सगळे प्लग काढा, मिनिटभर थांबा, मग परत लावा. हे आजीलाही दाखवून ठेवा. रविवारी घरी गेलात की एवढं कराच!