भट्टी घेण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी भट्टीविषयी बोलावे असे कार्यकारिणीने ठरविले. त्याचे कारण आपणा सर्वांस ठाऊक आहे. आपल्या बचत गटातील अकरा जणींनी मिळून नानकटाई, बिस्किटे व केक यांचा उद्योग करावा असा विचार दोन बैठकांत झाला. उद्योग करावा यावर एकमत झाले, पण भट्टी कोणती घ्यावी यावर झाले नाही. काहींच्या मनात नांदेडला पाहिलेली विजेची मोठी भट्टी भरली आहे. काहींना गॅसची हवी आहे. "घरातला छोटा ओव्हन पुरे की!" असे म्हणणाऱ्याही आहेत. गेली सहा वर्षे मी घरच्या घरी हा व्यवसाय करीत आहे. पहिली दोन वर्षे लहान विजेच्या ओव्हनवर आणि नंतर गॅसच्या भट्टीवर. म्हणून हे काम माझ्याकडे आले. पैसा अकरा जणींचा आहे, आणि त्यातला पुष्कळसा घरखर्चातून चिमटे काढून साठविलेला आहे. तेव्हा मी आज गोड बोलण्यापेक्षा खरे बोलणार आहे.

भट्टी आपल्या हिमायतनगरला नवी नाही. १९४८ पर्यंत आपला हा भाग हैदराबाद संस्थानात होता, आणि चहाबरोबर उस्मानिया बिस्कीट खाण्याची हैदराबादी आवड आपल्याकडेही रुजली. दिवाळी किंवा ईद जवळ आली की रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचे, भाजणावळ द्यायची आणि पत्र्याचे डबे भरून घरी आणायचे, हे आपल्यापैकी अनेकींनी केले आहे. तिथे रांगेत बसले असता भट्टीवाल्याचे काम नीट पाहिले असेल तर अर्धे शास्त्र तिथेच कळते. लाकडे पेटवून विटा तापवायच्या, निखारे बाहेर ओढायचे आणि मग साठलेल्या उष्णतेवर भाजायचे. आच कडक असते तेव्हा पाव, ती उतरू लागली की खारी व बिस्किटे, आणि अगदी मंदावली की टोस्ट वाळवायचे. म्हणजे त्याने आधी माल ठरविला आणि मग आच वापरली. आपणही तेच करावयाचे आहे. आधी माल, मग भट्टी. माझ्या भाषणाचे सार एवढेच. बाकी सारे त्याचे स्पष्टीकरण समजा.

लाकडाची भट्टी मात्र आपण बांधू नये. धूर, राख आणि लाकूडफाट्याची ओढाताण आपल्या घरांना सोसणारी नाही. शिवाय काळही तिच्या बाजूचा राहिलेला नाही. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळविण्याचा आदेश दिला. हुकूम मुंबईपुरता असला तरी वारा कोणत्या दिशेचा आहे ते ओळखावे.

आता माल कोणता? माझे स्पष्ट मत आहे की पाव करू नये. पावाला पहाटे तीनला उठावे लागते, नफा पैशापैशाने मोजावा लागतो, आणि गावातल्या बेकऱ्या तो आपल्यापेक्षा स्वस्तात देतात. त्या करीत नाहीत ते आपण करावे. ज्वारीची नानकटाई, नाचणीची बिस्किटे, वाढदिवसाचे केक आणि दिवाळीत शेजारणींच्या सामानाची भाजणावळ. ज्वारी आपल्या रानातली आहे. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून शहरातली माणसेही ती मागून घेतात. श्रीपरमेश्वराच्या महाशिवरात्रीच्या यात्रेतही, उपवास सुटला की, कोरडा टिकाऊ खाऊ चांगला खपतो.

हा माल ठरला की आचही ठरते. पावाला २१० ते २२० अंश सेल्सिअस लागतात. नानकटाईला १६० ते १७०, आणि केकला १७० ते १८० पुरतात. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नसतो, त्यामुळे ज्वारीची नानकटाई कडक आचेने वरून लाल आणि आतून भुसभुशीत राहते. तिला मंद व सर्वत्र सारखी आच हवी. म्हणजे आपल्याला रागीट भट्टी नको, शांत भट्टी हवी.

आता आकार. दुकानदार लिटर आणि किलोवॅट सांगतो; आपण ट्रे मोजावेत. ४० बाय ६० सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये मोकळी जागा सोडून ४० नानकटाया बसतात, म्हणजे सुमारे १ किलो मळलेले पीठ. भाजायला २० मिनिटे, आणि ट्रे काढणे, घालणे, आच पुन्हा वर येणे यांत १० मिनिटे. म्हणजे अर्ध्या तासाला एक घाणा. दोन ट्रेच्या भट्टीत तासाला ४ किलो पीठ उतरते. घरातल्या ६० लिटरच्या ओव्हनमध्ये एका वेळी २० नानकटाया होतात, तासाला १ किलो. आपली आजची मागणी आठवड्याला २० किलोच्या आसपास धरली आहे. छोट्या ओव्हनवर त्याला २० तास लागतील आणि दोन ट्रेवर ५ तास. चार ट्रेची भट्टी ते अडीच तासांत करील खरी, पण घाणा भाजण्याच्या वेळात पुढचे चार ट्रे वळून ठेवणारे हात कुठून आणायचे? आपण पाळीपाळीने तिघी-तिघी बसणार. तिघींचे हात अर्ध्या तासात दोन ट्रे सुखाने वळतात. भट्टी हातांपेक्षा मोठी झाली की ती रिकामी तापत राहते, आणि रिकाम्या भट्टीचे बिल मात्र भरलेल्या भट्टीइतकेच येते.

आता जातीविषयी. आपल्या कामाच्या दोनच आहेत. एक पंख्याची, जिला कन्व्हेक्शन म्हणतात. तिच्यात गरम हवा फिरते, बिस्किटे सारखी भाजतात आणि आचही १५-२० अंश कमी पुरते. पण वाऱ्याने हलके केक एका बाजूला कलतात. दुसरी डेक भट्टी. तिच्यात वरची व खालची आच वेगवेगळी राखता येते. तळ जळू लागला तर खालची कमी करावी, वर रंग येत नसेल तर वरची वाढवावी. नानकटाई आणि केक दोन्ही करावयाचे असतील तर डेक बरी. चाकांच्या रॅकसह आत फिरणारी मोठी रोटरी भट्टी कारखान्याची आहे. तिचे चित्र पाहून पान उलटावे.

विजेची की गॅसची? दोन ट्रेची विजेची डेक भट्टी साधारण साडेसहा किलोवॅटची असते. २३० व्होल्टला तिला २८ अँपिअर लागतात. घरातले जाड पिनेचे सॉकेट १६ अँपिअरचे, म्हणजे फार तर साडेतीन किलोवॅटचे. तेव्हा तिच्यासाठी थ्री फेज जोडणी, वाढीव भाराची मंजुरी, नवी वायर आणि अर्थिंग हे सारे आले. महावितरणच्या कार्यालयात जाऊन हा खर्च लेखी घेतल्याखेरीज विजेच्या भट्टीचा भाव विचारूच नये. आणि आपल्याकडे तीनांपैकी एक फेज जाणे ही काही नवलाची गोष्ट नाही. अर्धा फुललेला केक आत असताना वीज गेली तर तो बसतो, आणि बसलेला केक पुन्हा उठत नाही.

गॅसच्या भट्टीलाही थोडी वीज लागते, ठिणगीसाठी आणि तापमान राखण्यासाठी. ती घरच्या इन्व्हर्टरवर भागते. एक किलो गॅसमध्ये जवळजवळ १३ युनिटांइतकी उष्णता असते, पण त्यातली बरीच धुराड्यावाटे जाते. मी टाकी तोलून पाहिली आहे. चार तासांच्या कामाला मला अडीच किलो गॅस लागतो. भाव बदलत असतात, म्हणून भाव सांगत नाही, रीत सांगते. अडीच किलोला आजच्या व्यापारी टाकीच्या किलोच्या दराने गुणा. तितक्याच कामाला विजेची भट्टी किती युनिट घेते ते जिच्याकडे ती आहे तिच्या मीटरवर पाहा. दोन आकडे शेजारी ठेवा. मग वाद उरत नाही.

गॅसच्या बाबतीत तीन गोष्टी मात्र गाठीशी बांधा. घरगुती १४.२ किलोची टाकी धंद्याला वापरणे नियमाविरुद्ध आहे. व्यापारी १९ किलोची घ्यावी. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. म्हणून वरच्या खिडकीबरोबर खालीही झरोका हवा. आणि बंद खोलीत ज्वाला जळत राहिली तर विषारी वायू साचतो; धुराडे बाहेर काढल्याशिवाय पहिला ट्रेसुद्धा घालू नये.

खरेदीच्या दिवशी काय पाहावे? आपल्या पिठाचा डबा बरोबर न्यावा आणि दुकानात भट्टी तापवून दोन ट्रे भाजून पाहावेत. चारही कोपऱ्यांचा रंग सारखा आला पाहिजे. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे. पट्टी अलगद निघून आली तर आचही तशीच निघून जाणार. आत वेगळा तापमापक ठेवून बाहेरच्या आकड्याशी ताडून पाहावा. एका दुकानात मला सांगितलेल्या भावात ट्रे, वाहतूक, जोडणी आणि जीएसटी यांपैकी काहीच नव्हते. तेव्हा शेवटचा आकडा कागदावर घ्यावा. बिघाड झाला तर कारागीर नांदेडहून किती दिवसांत येईल हेही त्याच कागदावर असावे. आणि घरून निघण्यापूर्वी खोलीचे दार मोजावे. आपल्या जुन्या घरांची दारे अरुंद आहेत, आणि भट्टी काही अंग चोरून आत येत नाही.

अनुदानाविषयी दोन शब्द. २०२० साली केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी प्रधानमंत्र्यांच्या नावाची योजना सुरू केली. तिच्यात खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, अशी मदत ठरली होती. सध्या काय मिळते ते तालुका कृषी कार्यालयात विचारावे. पण ही मदत बँकेच्या कर्जाशी बांधलेली असते, रोख हातात पडत नाही. आणि ३५ टक्के सरकारचे म्हणजे ६५ टक्के आपले. अनुदान मिळते म्हणून मोठी भट्टी घेणे म्हणजे स्वस्त मिळाले म्हणून दुप्पट मापाचे लुगडे घेणे. अन्नाच्या नोंदणीचे मात्र टाळू नका. घरातून विकले तरी अन्न सुरक्षा कायद्याची नोंदणी लागते.

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावच्या एका गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले. पहिल्या दिवशी चार पुडकी झाली. तेच पुढे लिज्जत पापड म्हणून घरोघर पोहोचले. त्यांनी आरंभी यंत्र घेतले नाही; पोळपाट-लाटणे आणि ऊन यांवर गिऱ्हाईक जोडले. आपल्याला भट्टीवाचून चालणार नाही हे खरे, पण धडा तोच आहे.

तेव्हा माझी सूचना अशी. गॅसची, दोन ट्रेची, एकाच मजल्याची डेक भट्टी घ्यावी. ठरविलेल्या रकमेतली चौथाई भट्टीत न घालता दुरुस्तीसाठी आणि पहिल्या दोन महिन्यांच्या सामानासाठी बाजूला ठेवावी. पावती आणि गॅसची जोडणी गटाच्या नावाने असावी, कोणाच्या यजमानांच्या नावाने नको. यात कोणाच्या यजमानांचा अविश्वास नाही; पण अकरा जणींची वस्तू अकरा जणींचीच दिसली पाहिजे. आणि भट्टी ज्या घरी बसेल त्या घरच्या सासूबाईंची परवानगी आधी घ्यावी, कारण उन्हाळ्यात तिची आच सर्वांत आधी त्यांनाच लागणार आहे.

पुढच्या वर्धापनदिनी मागणी आठवड्याला ४० किलोवर गेली असेल तर दुसरा मजला चढवू. तशी सोय असलेलीच भट्टी मागून घ्यावी. नाही गेली, तरी आपल्या डोक्यावर न फिटणारे कर्ज नसेल आणि पुढच्या दिवाळीची भाजणावळ आपल्याच दारात होईल. माझी सूचना पटली नाही तर आपले आकडे घेऊन पुढच्या बैठकीस यावे. मी आनंदाने ऐकेन.