कानातला शंख



कानाच्या अगदी आत, कानशिलाच्या हाडात, सुमारे वाटाण्याएवढी एक पोकळी आहे. इटलीतील शरीरशास्त्रज्ञ फालोपिओ याने १५६१ साली तिला ‘कॉक्लिआ’, म्हणजे गोगलगाईचा शंख, असे नाव दिले. नाव चपखल बसले. पण नाव मिळाले म्हणजे वस्तू कळली, असे होत नाही. या शंखात हवा कोंडलेली आहे, असे विद्वान पुढेही दीर्घकाळ मानत राहिले. ती पोकळी द्रवाने भरलेली असते, हे नेपल्सच्या कोतुन्योने १७६१ च्या सुमारास दाखवून दिले. १८५१ साली कॉर्ती याने सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने त्या नळीतील श्रवणाच्या खऱ्या इंद्रियाचे वर्णन केले. आज ते त्याच्याच नावाने ओळखले जाते.

ही गुंडाळलेली नळी उलगडली तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरेल. ध्वनीने आतल्या द्रवात लहरी उठतात. उंच स्वर तिच्या तोंडाशी टिपले जातात, खर्जाचे स्वर टोकाशी. हा लहरींचा प्रवास उलगडणाऱ्या बेकेशीला १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रत्येक कानात हे काम करणाऱ्या केसल पेशी सुमारे पंधरा हजार. प्रचंड आवाजाने त्या मेल्या, की माणसात पुन्हा उगवत नाहीत. गोगलगाय आपला फुटका शंख सांधून घेते. आपल्याला तेवढेही साधत नाही. म्हणून उत्सवाच्या मांडवात कर्णा लावताना, त्याच्यासमोर बसलेल्या पोराच्या कानाचा विचार आपण आधी करावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.