अंगणवाडी कुठं बांधायची?

(ऑक्टोबर २०१० च्या तालुका शिबिरातलं भाषण. बोललं तसंच उतरवलं आहे.)



मला सांगितलं, गावातल्या सोयींवर बोल. मी म्हणाले, सोयीच नाहीत तर बोलू काय? हसू नका, विषय तिथूनच सुरू होतो.

आमचा पाडा सातपुड्याच्या पायथ्याला, तळोदा तालुक्यात. गावठाणापासून पायी पाऊण तास. ज्वारी, मका, तूर, वर थोडी भगर. उन्हाळ्यात महू वेचायचा, आमचूर करायचा. दिवाळी झाली की निम्मा पाडा ऊसतोडीला गुजरातेत, बारडोलीकडे. होळीला तेवढे येऊन जातात.

गावठाणात शाळा आहे, रेशन दुकान आहे, दिवसातून एकदा एसटी येते. पाऊस लागला की ती पण नाही. विजेचे खांब शेवटच्या घराशी थांबले आणि रस्ता नाल्याशी थांबला. का थांबला? नाल्याच्या अलीकडे रेव्हेन्यू, पलीकडे फॉरेस्ट. आमची घरं पलीकडे.

आमची अंगणवाडी माझ्या काकूच्या पडवीत भरते. एका बाजूला पोरं, दुसऱ्या बाजूला शेळ्या. इमारतीचे पैसे एकदा मंजूर झाले होते. साहेब आले, टेप लावून जागा मोजली आणि म्हणाले, ही जागा फॉरेस्टची, परवानगी दिल्लीहून आणावी लागेल. पैसे परत गेले. आम्ही पण गप्प बसलो. दिल्ली कुठं आणि आम्ही कुठं!

दोन वर्षांमागे पावसाळ्यात माझ्या वहिनीला कळा लागल्या. चौघांनी झोळी करून उचललं. नाल्याला पाणी होतं. उतरेल म्हणून काठावर बसून राहिलो. बाळ तिथंच झालं. जगलं नाही. वहिनी आज इथं पुढेच बसली आहे, तिला विचारूनच हे सांगते.

आता कायद्याचं. २००६ चा वनहक्क कायदा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण आपण त्याचं एकच पान वाचतो. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा कब्जा, चार हेक्टरपर्यंत, नवरा-बायको दोघांच्या नावानं. ते बरोबरच आहे, मी स्वतः आमच्या पाड्याचे दावे लिहिले. म्हाताऱ्यांचे जबाब लिहून लिहून बोटं दुखली. पण कलम तीनचं दुसरं पोटकलम मी पण वाचलं नव्हतं. मागच्या शिबिरात वाचलं तेव्हा स्वतःचाच राग आला.

त्यात लिहिलं आहे की १९८० च्या वन संवर्धन कायद्यात काहीही असलं तरी गावाच्या तेरा कामांना जंगलाची जागा देता येते. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेची आणि टेलिफोनची लाईन, तळं, पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन, छोटा पाट, रस्ता, समाजमंदिर, असं सगळं. अटी अशा: एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जागा, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. अर्ज ज्या खात्याचं काम त्यानं करायचा, पण आपला ठराव नसला तर तो पुढे जात नाही. गेल्या वर्षी केंद्राच्या सूचना आल्या, त्याप्रमाणे परवानगी डीएफओच्या पातळीवर मिळते. दिल्लीला जायचं कामच नाही. टेप घेऊन आलेल्या साहेबांना हे माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं, देव जाणे.

काही साथी म्हणतात, आधी पट्टे, मग सोयी, नाहीतर लोकांचं लक्ष फुटतं. मला हे पटत नाही. पट्ट्याला किती वर्षं लागतील ते कोणी सांगावं? तोपर्यंत बाई नाल्याच्या काठावर बसून राहणार का? गेल्या महिन्यात, २९ सप्टेंबरला, आपल्याच जिल्ह्यात टेंभलीला देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं. मोठमोठी माणसं आली. नंबर पहिला आपल्याला मिळाला, चांगलं आहे. पण नंबर घेऊन नाला ओलांडता येत नाही.

आमच्या पाड्यात काय झालं ते खरं सांगते. ठराव सोपा वाटला होता, पण जागा ठरवताना भांडण झालं. प्रत्येकाला अंगणवाडी पाहिजे, पण आपण खेडलेल्या तुकड्यावर नको. एक जण म्हणाला, माझ्या दाव्याची जमीन कापायला ही पोरगी फॉरेस्टवाल्यांना मिळाली. हे ऐकून घ्यावं लागलं. त्याची भीती खोटी पण नव्हती. म्हणून आम्ही आधी दाव्यांचे नकाशे मांडले आणि कोणाच्याच दाव्यात नसलेला तुकडा शोधला, काकूच्या घरामागचा पडीक. सात-आठ सागाची झाडं आहेत, ती पण वाचतात. हे तुम्ही पण आधी करा, नाहीतर सभा मोडेल.

पहिली ग्रामसभा आमची तशीच मोडली होती, वेगळ्या कारणानं. दाव्यांच्या सभेला तेव्हाच्या नियमाप्रमाणे दोन तृतीयांश माणसं लागत होती. आम्ही सभा ठेवली पौषात! माणसं सगळी ऊसतोडीला. दावे आणि हे ठराव एकाच सभेत घ्या, आणि सभा आत्ता घ्या. दिवाळीला महिना पण राहिला नाही. नंतर मुकादमाचे ट्रक दारात लागले की कोणाला थांबवणार?

आमचे दोन ठराव झाले, अंगणवाडीचा आणि नाल्यावरून रस्त्याचा. रेंज ऑफिसला दिले. बाबू म्हणाला ठेवून जा. आम्ही बसून राहिलो, पोच घेतली, शिक्क्यासकट. अजून उत्तर नाही. दिवाळीनंतर उरलेल्या बाया घेऊन परत जाणार आहे, वहिनी पण येणार आहे.

ठरावाचा नमुना ज्यांना पाहिजे त्यांनी चहाच्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन उतरवून घ्या. कार्बन कागद मी आणला आहे, पेन आपापला.