शिकविणाऱ्याचे नाव

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



यंदापासून आपल्या संस्थेने नामवंत माजी विद्यार्थ्यांचा सत्कार करावयाचे ठरविले आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. नावे सुचविणाऱ्या समितीत माझीही नेमणूक झाली होती. आम्ही यादी केली. तिच्यात डॉक्टर आहेत, इंजिनियर आहेत, दोन वकील आहेत, आखातात स्वतःचा धंदा उभा केलेले एक गृहस्थ आहेत. यादी चांगली आहे. तिच्यातले एकही नाव गाळावे असे मी म्हणणार नाही. पण ती स्वच्छ अक्षरात उतरवून काढताना माझ्या लक्षात आले की तिच्यात शिक्षक एकही नाही. शिक्षकांच्या समितीने केलेली यादी, आणि तिच्यात शिक्षक नाही! म्हणून अध्यक्ष साहेबांकडे मी ही पंधरा मिनिटे मागून घेतली.

मी बोलणार आहे ते संगीत शिकविणाऱ्यांविषयी. विषय ऐकून काही वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. त्यांच्याकडे मी शेवटी येतो. हाच विषय घेण्याचे कारण असे, की गाणारा आणि गाणे शिकविणारा यांच्या नशिबात जेवढे अंतर असते तेवढे दुसऱ्या कुठल्याच विद्येत नसते. गणिताच्या मास्तरांना निदान गावात मान असतो.

तलत महमूद हे नाव इथे बसलेल्या प्रत्येक पालकाने ऐकलेले आहे. मुलांनो, तुम्ही ऐकले नसेल तर आज घरी गेल्यावर आजोबांना विचारा, त्यांचा चेहरा कसा खुलतो ते पाहा. लखनौचा हा मुलगा, जन्म १९२४ चा. घर जुन्या वळणाचे, गाण्याबजावण्याला घरातून विरोध. तरीही सोळा वर्षांच्या सुमारास तो रेडिओवर गाऊ लागला, पुढे कलकत्त्याला गेला, मग मुंबईला. १९५० च्या ‘आरज़ू’ चित्रपटाने त्याचा आवाज घरोघर पोहोचविला. १९९२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. १९९८ मध्ये ते अल्लाघरी गेले.

आता मी दुसरे नाव घेतो. एस. सी. आर. भट. कोणी ऐकले आहे का? पाहा, हात वर येत नाहीत. लाजण्याचे कारण नाही, काही वर्षांपूर्वी मलाही ते माहीत नव्हते. तलत महमूद लखनौच्या मॅरिस कॉलेजात गाणे शिकले आणि तिथे ज्यांच्यापाशी शिकले म्हणून सांगितले जाते ते हे भट. स्वतः त्याच कॉलेजात तयार झालेले. वयाने तलतपेक्षा जेमतेम पाच वर्षांनी मोठे. पुढे आयुष्यभर ते शिकवीत राहिले आणि २००८ मध्ये वारले. एकाचे नाव साऱ्या देशाला पाठ आणि दुसऱ्याचे या भरलेल्या सभागृहात एकालाही ठाऊक नाही.

हे मॅरिस कॉलेज काय होते, ते थोडे सांगतो. विष्णु नारायण भातखंडे हे मुंबई विद्यापीठाचे बी.ए., एलएल.बी. वकिली सोडून संगीताच्या मागे लागलेला माणूस. त्या काळी विद्या घराण्यांत होती आणि घराण्यांतले बहुतेक उस्ताद आपल्या समाजाचे. भातखंडे त्यांच्या दारी गेले. जयपूरच्या महंमद अली खाँ कोठीवाल यांच्या घरच्या शेकडो चिजा त्यांनी उतरवून घेतल्या. रामपूरला वजीर खाँ साहेबांपाशी शिष्य म्हणून बसले. मिळालेले धन त्यांनी मराठीत ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापून टाकले. ज्या चिजा ऐकवायलाही उस्ताद राजी नसत, त्या पैसे टाकून कोणालाही घेता येऊ लागल्या. काही उस्ताद यावर रागावले, आणि मला त्यांचा राग कळतो. पोटाची विद्या होती ती. पण ज्यांनी दिली त्यांनी दिली, हे आपण विसरता कामा नये. त्यांच्या देण्यावर ती पुस्तके उभी आहेत.

पुढे १९२४ आणि १९२५ साली लखनौला संगीत परिषदा भरल्या आणि त्यांतून १९२६ मध्ये हे कॉलेज निघाले. खटपट करणाऱ्यांत भातखंड्यांच्या जोडीला राय उमानाथ बली होते आणि नवाब अली खाँ होते. हे नवाब अली खाँ अवधचे तालुकदार. उर्दूत ‘मआरिफुन्नग़मात’ हा संगीतावरचा ग्रंथ त्यांनीच लिहिला. तबला शिकवायला लखनौ घराण्याचे खलिफा आबिद हुसेन खाँ, सरोद शिकवायला सखावत हुसेन खाँ. सरकारने गव्हर्नरचे नाव दिले, पण आत शिकवीत होते ते हे लोक. पुढे कॉलेजला भातखंड्यांचे नाव मिळाले. २००० साली त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०२२ पासून ते राज्य सरकारचे विद्यापीठ आहे. आज तिथले पदवीधर ज्यांना आपले पूर्वसूरी म्हणतात, त्यांची यादी मी जेवढी पाहिली तेवढी मला तिच्यात एक गोष्ट विशेष वाटली. तिच्यातली मोठमोठी नावे मास्तरांची आहेत.

या सर्वांच्या मुळाशी श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. मुंबईचा मुलगा. भातखंड्यांनी त्याला बडोद्याला पाठविले, दरबारची शिष्यवृत्ती मिळवून दिली, आणि आग्रा घराण्याच्या फैयाज खाँ साहेबांच्या हाती सोपविले. खाँ साहेबांनी रीतसर गंडा बांधला. ब्राह्मणाचा मुलगा उस्तादासमोर बसून काही वर्षे शिकला, परत येऊन मुंबई विद्यापीठाचा बी.ए. झाला, आणि १९२८ च्या सुमारास लखनौच्या कॉलेजचा प्राचार्य झाला. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती.

शाळामास्तराने या माणसाकडे नीट पाहावे. कॉलेजात वर्ग होता, फळा होता, अभ्यासक्रम होता, परीक्षा होती. उस्तादांच्या पद्धतीत यांपैकी काही नव्हते. तिथे सीना-ब-सीना विद्या जाई, उस्तादाच्या मर्जीने आणि उस्तादाच्या वेळेने. रातंजनकरांनी दोन्ही केले. वर्गात पंधरा-वीस जणांना एकत्र शिकविले आणि ज्यांच्यात चमक दिसली त्यांना घरी ठेवून घेतले. बेळगावजवळच्या बैलहोंगलचा एक अकरा वर्षांचा मुलगा असाच त्यांच्या घरी लखनौला येऊन राहिला. त्याचे नाव कृष्णा गुंडोपंत गिंडे. विचार करा पालकहो, अकरा वर्षांचे पोर, हजार मैलांवर, गाणे शिकायला!

लोक म्हणतात, कॉलेजातून कलावंत निघत नाहीत. ही टीका जुनी आहे आणि अर्धी खरी आहे. फैयाज खाँ कॉलेजातून निघत नाही. खुद्द रातंजनकरांचे नावही मैफलीत आपल्या उस्तादाइतके कधी झाले नाही. आकाशवाणीच्या गायक-वादकांची चाचणी घेणाऱ्या मंडळाचे ते प्रमुख झाले तेव्हा तर कितीतरी कलावंत त्यांच्यावर उलटले. परीक्षकाचे काम कोणाला गोड वाटते? आपल्या शाळेत निकालाच्या दिवशी आम्हीही तो अनुभव घेतो. सरकारने १९५७ मध्ये त्यांना पद्मभूषण दिले खरे, पण त्यांची खरी कमाई शोधायची तर त्यांचे विद्यार्थी कुठे गेले ते पाहावे.

चिदानंद नगरकर मुंबईला आले आणि १९४६ मध्ये भारतीय विद्या भवनच्या संगीत शिक्षापीठाचे पहिले प्राचार्य झाले. त्याच जागी पुढे दिनकर कायकिणी आले, तेही लखनौचेच. गिंडे आणि भट मुंबईत शीवच्या वल्लभ संगीतालयात शिकवीत. हे विद्यालय काढणारे स्वामी वल्लभदास स्वतः फैयाज खाँ साहेबांचे शागीर्द. सुमती मुटाटकर दिल्ली विद्यापीठाच्या संगीत विभागात गेल्या आणि त्या विद्याशाखेच्या प्रमुख झाल्या. त्या रातंजनकरांच्या शिष्या, शिवाय आग्रा घराण्याच्या विलायत हुसेन खाँ साहेबांपाशीही शिकलेल्या. गिंड्यांना दोन हजारांच्या आसपास चिजा मुखोद्गत होत्या असे जाणकार सांगतात. मैफल मारण्यासाठी एवढ्या चिजा लागत नाहीत, वीस-पंचवीस पुरतात. दोन हजार लागतात त्या शिकविण्यासाठी; कारण कोणता विद्यार्थी कोणत्या चिजेवर खुलेल हे आधी कळत नाही.

आणि ही देवाणघेवाण एकाच बाजूची नव्हती. अहमदजान थिरकवा खाँ साहेबांचे नाव मराठी माणसाला सांगायला नको. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत तबल्याची साथ त्यांचीच. उतारवयात तेही लखनौच्या त्याच कॉलेजात तबला शिकवीत होते. १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, १९७६ मध्ये लखनौलाच त्यांचा इंतकाल झाला. ज्याने गंधर्वांची रात्र रंगविली, तो म्हातारपणी पोरांना बोल घोकायला लावीत बसला होता.

आपण सत्कार करतो म्हणजे काय करतो? शाल, श्रीफळ, फोटो, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन ओळी. गाणाऱ्यांची रीत निराळी आहे. उस्तादाचे नाव तोंडी आले की ते हाताने कानाची पाळी धरतात. उस्ताद हयात असो वा नसो, ऐकणारा हिंदू असो वा मुसलमान. रातंजनकरांच्या परंपरेतला गवई फैयाज खाँ साहेबांचे नाव घेताना कानाला हात लावतो. त्यांचा इंतकाल १९५० साली झाला, तरी हा हात अजून कानाला जातोच आहे. त्याला समिती लागत नाही की ठराव लागत नाही.

आता मघाच्या कपाळावरच्या आठ्यांकडे वळतो. गाणेबजावणे आपल्यात चालते की चालत नाही, हा मसला सोडविण्याची माझी लायकी नाही. मी आलिम नाही, बी.ए., बी.एड. आहे. ज्या पालकांना आपल्या मुलाने हे शिकू नये असे वाटते त्यांचा तो हक्क आहे आणि मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. मी मागतो ते वेगळे आहे. ज्याने आपले ज्ञान हातचे काही न राखता दुसऱ्याच्या मुलाला दिले, त्या माणसाचे नाव तरी घ्या. तेवढ्याने कोणाचे काही बिघडत नाही.

हे मी एवढ्या आग्रहाने का बोलतो आहे, तेही सांगून टाकतो. मी लहान असताना ज्या शाळेत होतो तिथे एक सर होते. नेमणूक हिंदीच्या शिक्षकाची. पण सकाळची प्रार्थना आणि पंधरा ऑगस्टची गीते हार्मोनियमवर बसवून घ्यायचे तेच. मधल्या सुट्टीत आम्ही सात-आठ पोरे त्यांच्याभोवती जमत असू. माझा आवाज बेसूर. पण त्यांनी मला हाकलले नाही. ते म्हणत, तू ऐकत बस, ऐकणाराही लागतो. स्पष्ट बोलायला, श्वास कुठे घ्यावा, शब्द कुठे तोडावा, हे मी त्या मधल्या सुट्टीत शिकलो. आज वर्गात साठ मुलांसमोर माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो, तो त्यांच्यामुळे.

एका वर्षी काही पालकांनी तक्रार केली. कसल्या बैठका झाल्या मला ठाऊक नाही. मी सातवीत होतो. हार्मोनियम कपाटात गेली, सरांना गणिताचे जादा तास देण्यात आले, आणि वर्षभरात ते शाळा सोडून गेले. त्यांना निरोप दिला गेला नाही. माझे अब्बाही तक्रार करणाऱ्यांत होते. ही गोष्ट मी त्यांच्या हयातीत त्यांच्याजवळ कधी काढली नाही, आणि सरांजवळही काढली नाही. अब्बा वाईट नव्हते, मुलांच्या काळजीपोटीच त्यांनी ते केले असणार. पण जाणाऱ्या मास्तरांना खुदा हाफिज म्हणायला त्या दिवशी फाटकापर्यंत कोणीही गेले नाही. मीसुद्धा गेलो नाही.

म्हणून समितीपुढे मी एक सूचना ठेवली आहे आणि ती मान्य झाली आहे. माजी विद्यार्थ्यांच्या माहितीच्या फॉर्मवर हुद्दा, पगार, परदेशगमन यांचे रकाने होते. त्यांच्या खाली आता आणखी एक रकाना घातला आहे: आपल्याला कोणी शिकविले, आणि ते सध्या कुठे असतात. सत्कारमूर्तीने तो भरल्याखेरीज फॉर्म पुरा धरला जाणार नाही. त्यात ज्या शिक्षकांचे नाव येईल, मग ते गणिताचे असोत, मदरशातले हाफिज साहेब असोत की पेटीवाले सर असोत, त्यांना सत्कारमूर्तीच्या शेजारची खुर्ची मिळेल. जे चालू शकत नाहीत त्यांच्या घरी आपण जाऊ. पहिल्या फॉर्मवरून आलेले दोन पत्ते माझ्याकडे आहेत, त्यांपैकी एक गुरुजी नव्वदीला टेकले आहेत. तेव्हा पुढच्या संमेलनाची वाट पाहून चालणार नाही.

फॉर्म कार्यालयात कारकून साहेबांकडे मिळतील. माझा स्वतःचा फॉर्म मी भरला आहे. सरांचा पत्ता मिळायला तीन महिने लागले. तालुक्याच्या गावी मुलीकडे राहतात असे कळले. येत्या रविवारी मी जाणार आहे. त्या मधल्या सुट्टीतल्या सात-आठांपैकी दोघे आज या सभागृहात बसले आहेत. त्यांनी सकाळच्या साडेसातच्या एस.टी.ला स्टँडवर यावे.