सायकलीवरील शक्तिमापक



सायकल हें आपल्या सर्वांच्या परिचयाचें वाहन आहे. परंतु अलीकडे शहरांतून पुष्कळ तरुण-तरुणी तिच्याकडे वाहन म्हणून न पाहतां व्यायामाचें आणि शर्यतीचें साधन म्हणून पाहतात. पहांटे निघून घाट चढून यावयाचा व न्याहारीच्या वेळीं घरीं परतावयाचें, हा त्यांचा नित्यक्रम असतो. अशा घरांतून एक मागणी वडील माणसांच्या कानांवर येते, ती म्हणजे 'पॉवर मीटर हवा' ही. स्वस्त म्हटलें तरी या वस्तूला कित्येक हजार रुपये पडतात, आणि भारीपैकीं घेतली तर रक्कम लाखाच्या घरांत जाते. तेव्हां ही वस्तु आहे तरी काय, ती घ्यावी कीं न घ्यावी, आणि घेतली तर तिचा उपयोग कसा करावा, याचा थोडा विचार आज आपण करूं.

पॉवर मीटर म्हणजे शक्तिमापक. स्वार पायांनीं किती शक्ति लावीत आहे, हें तो वॅट या परिमाणांत क्षणोक्षणीं सांगतो. शाळेंत शिकलेला एक नियम येथें आठवावा. फिरणाऱ्या वस्तूवरील पीळ आणि तिच्या फिरण्याचा वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ति. वीस न्यूटन-मीटर पीळ देऊन मिनिटाला नव्वद फेरे मारले, तर सुमारें १८८ वॅट होतात. तोच पीळ ठेवून फेरे साठांवर आणले, तर सुमारें १२६ वॅटच उरतात. हा पीळ मोजण्यासाठीं धातूच्या भागावर अतिशय बारीक अशा विद्युत्-पट्ट्या चिकटविलेल्या असतात. पायाच्या दाबानें धातु केसाच्या अंशाइतका वांकला, तरी पट्टीचा विद्युत्-रोध बदलतो आणि त्यावरून पीळ कळतो. ही युक्ति सायकलीच्या क्रँकवर यशस्वी करून जर्मनीच्या उल्रिख शोबेरर यांनीं १९८६ सालीं आपला कारखाना काढला. टूर द फ्रान्स ही शर्यत तीन वेळां जिंकणारे अमेरिकेचे ग्रेग लेमाँड हे त्यांचें यंत्र वापरणाऱ्या पहिल्या नामांकित स्वारांपैकीं होत.

कोणी म्हणेल, वेग दाखविणारें यंत्र स्वस्तांत मिळतें, तें पुरे नाहीं काय? वेग हा वाऱ्याच्या आणि चढाच्या स्वाधीन असतो. पाठीशीं वारा असला म्हणजे आळशी स्वारहि शूर दिसतो. शिवाय सपाटीवर वेग सव्वापट करूं म्हटलें, तर हवेला तोंड देण्यासाठींच जवळ जवळ दुप्पट शक्ति लागते. नाडीचे ठोके हें दुसरें माप. पण तें मागाहून येतें. चढ लागल्यावर ठोके योग्य जागीं पोंचावयास एक-दोन मिनिटें जातात, आणि ऊन, जागरण, चहा यांनींहि ते बदलतात. वॅटचा आंकडा मात्र तत्काळ येतो आणि केलेल्या कामाचाच असतो. म्हणून नाडी आणि वॅट हीं दोन्हीं मापें शेजारीं ठेवून पाहावीं. नेहमींच्याच वॅटला ठोके फार चढूं लागले, तर शरीर थकलें आहे असें समजावें.

आतां निवडीविषयीं. हें यंत्र चार ठिकाणीं बसवितां येतें: मागच्या चाकाच्या हबमध्यें, डाव्या क्रँकवर, उजवीकडील दांतेरी चकतीच्या पंजांत, किंवा पेडलांत. हबमधील यंत्र त्या चाकाशीं जखडलेलें असतें. तें साखळीच्या पलीकडे मोजतें, म्हणून त्याचा आंकडा दोन-तीन टक्क्यांनीं कमी येतो. डाव्या क्रँकवरील यंत्र सर्वांत स्वस्त. पण तें एकाच पायाची शक्ति मोजून तिची दुप्पट करतें. एखाद्याचा डावा पाय शंभरांपैकीं ४८ भागच काम करीत असला, तर खऱ्या २०० वॅटला तें १९२ दाखवील. पंजांतील यंत्र दोन्ही पायांची बेरीज मोजतें. पेडलांतील यंत्र एका सायकलीवरून काढून दुसरीवर सहज बसवितां येतें. मात्र सायकल पडली म्हणजे पहिला घाव पेडलावर बसतो, आणि बुटाच्या तळाचा क्लीटहि त्याच जातीचा लागतो.

माझें मत विचाराल, तर एकच सायकल असणाऱ्या नवशिक्यानें डाव्या क्रँकवरील यंत्र घ्यावें, त्यानें भागतें. ज्याचा पाय पूर्वीं दुखावलेला आहे किंवा ज्याच्या दोन पायांत फरक आहे, त्यानें मात्र दोन्ही पाय मोजणारेंच घ्यावें. घेण्यापूर्वीं तें आपल्या सायकलीला बसतें कीं नाहीं, हें दुकानदाराकडून पाहून घ्यावें. पावसाळ्यांत पाणी आंत शिरणार नाहीं ना, तपमानाच्या बदलाचा हिशोब यंत्र आपण होऊन करतें ना, त्याचा सेल गांवांत मिळतो ना, आणि बिघडल्यास दुरुस्ती कोठें होते, हेंहि विचारावें. अचूकता एक टक्का कीं दोन टक्के, यावर फार घासाघीस करूं नये. आपली तुलना कालच्या आपल्याशींच व्हावयाची असल्यामुळें यंत्र रोज सारखें बोलतें कीं नाहीं, हें अधिक महत्त्वाचें.

तें सारखें बोलावें याचें पथ्य सोपें आहे. वाणी पारडीं रिकामीं ठेवून तागडी पाहतो, त्याप्रमाणें सायकल कांहीं वेळ बाहेरच्या हवेंत ठेवावी आणि निघण्यापूर्वीं पेडलांवर भार न देतां यंत्राचें शून्य लावावें. शंका आली तर क्रँक आडवा धरून पेडलाला दहा किलोचें वजन टांगावें. क्रँक सतरा सेंटिमीटरचा असेल तर पीळ १६.७ न्यूटन-मीटरच्या जवळपास आला पाहिजे. ज्या यंत्रांत पिळाचा आंकडा दाखविण्याची सोय असते, त्यांत ही परीक्षा घरबसल्या होते.

यंत्र बसलें म्हणजे प्रथम स्वतःची पातळी ठरवावी. अंग चांगलें तापवून वीस मिनिटें एकसारखा पूर्ण जोर लावावा आणि सरासरीचे शेंकडा ९५ घ्यावे. सरासरी २२० आली तर पातळी २०९ वॅट धरावी. सुमारें तासभर टिकेल असा जोर तो हाच, असें स्थूलमानानें समजतात. अमेरिकेचे अँड्र्यू कॉगन आणि हंटर अ‍ॅलन यांनीं २००६ च्या आपल्या ग्रंथांत या पातळीवरून सरावाच्या पायऱ्या आंखून दिल्या. शेंकडा ५६ ते ७५ ही लांब व संथ सरावाची पायरी, ९१ ते १०५ ही खऱ्या कसोटीची. आठवड्यांतील बहुतेक तास खालच्या पायरीवर घालवावे आणि एक-दोन दिवसच वरची पायरी चढावी. तरुण रक्ताला हेंच कठीण वाटतें. रोज परीक्षा देत बसल्यास अभ्यास केव्हां व्हावयाचा?

शर्यतीच्या दिवशीं उपयोग कसा, तें एका हिशोबानें पाहूं. स्वार साठ किलोचा, सायकल व सामान दहा किलोचें, आणि घाट चारशें मीटर उंचीचा. अर्ध्या तासांत चढावयाचा तर नुसतें वजन वर नेण्यास १५३ वॅट लागतात. टायरचें घर्षण आणि हवा यांचे वीस-पंचवीस मिळवा. एकूण पावणेदोनशेंच्या आसपास झाले. २०९ पातळीच्या स्वाराला हें आंवाक्यांतलें आहे. पंचवीस मिनिटांत चढूं म्हटलें, तर १८३ आणि वर तीस-पस्तीस, म्हणजे पातळीच्या किंचित् वर. कसोटीच्या दिवशीं साधेल. पण पहिल्याच वळणाला २८० लावणारा अर्ध्या घाटांत दमतो आणि त्याच्या मागून शांतपणें आलेले त्याला टाकून जातात. त्या पहिल्या पांच मिनिटांत उत्साहाला आवर घालणें, हें या यंत्राचें मोठें काम.

परंतु घोळक्यांतील शर्यतींत प्रतिस्पर्धी निसटूं लागला असतां आंकड्याकडे पाहत बसणें हा वेडेपणा होय. टूर द फ्रान्सचे संचालक क्रिस्त्याँ प्रुदोम यांनीं तर २०१८ सालीं, शर्यतींतून हीं यंत्रें काढून टाकावींत, असें मत जाहीरपणें मांडलें. स्वार आंकड्यांकडे पाहून चालूं लागले म्हणजे शर्यतींतील अनिश्चितता जाते, हा त्यांचा आक्षेप. तो अगदींच निराधार नाहीं.

शेवटीं घरांतील वडील माणसांना विशेषतः एक गोष्ट सांगावयाची आहे. घाट चढणारे आपली शक्ति वजनानें भागून मोजतात. साठ किलोला २०९ वॅट म्हणजे किलोमागें साडेतीन. आतां शक्ति तीळमात्र न वाढवितां वजन पंचावन्नावर आणलें, तरी भागाकार ३.८ येतो! गणित बरोबर, पण त्यांतून निघणारा उपदेश घातक. वाढत्या वयाचीं मुलेंमुली या भागाकारापायीं ताटावरून अर्धपोटीं उठूं लागतात. अशा उपासमारीनें मुलींची मासिक पाळी बंद पडते, हाडें ठिसूळ होतात, आणि वाढलेला आंकडाहि पुढें घसरतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें २०१४ सालीं या विकाराकडे मुद्दाम लक्ष वेधलें. तो मुलांनाहि होतो.

यावर उतारा त्याच यंत्रांत आहे. खाल्लेल्या अन्नाच्या सुमारें चौथ्या हिश्शाचेंच शरीर काम करूं शकतें; म्हणून यंत्रानें जितके किलोज्यूल काम दाखविलें, जवळ जवळ तितक्याच किलोकॅलरी अन्न त्या कामीं खर्च झालें असें धरतां येतें. दीडशें वॅटनें दोन तास चालविलें तर १०८० किलोज्यूल होतात. म्हणजे हजाराच्या वर किलोकॅलरी, नेहमींच्या जेवणाशिवाय, त्या मुलाच्या पोटांत गेल्याच पाहिजेत. मुलगा घरीं आला कीं 'किती वॅट झाले?' असें विचारण्याऐवजीं 'किती किलोज्यूल झाले?' असें विचारा, आणि त्या मानानें पान वाढा.

शक्तिमापक हें प्रगतिपुस्तकासारखें आहे. गुण किती पडले तें त्यांत कळतें. ते कां पडले आणि त्यापायीं मुलानें काय सोसलें, तें कळत नाहीं. तें घरांतल्या माणसांनींच पाहिलें पाहिजे. इतकी जाग ठेवणार असाल, तर वस्तु खुशाल घ्या. पैसे वायां जाणार नाहींत.