गायन पार्टीच्या वह्या आणि पॅलेस्टाईनचे भरतकाम

(वर्षावास समाप्तीनिमित्त विहारात झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



संस्थेच्या कार्यकर्त्यांनी आम्हाला ‘समाजाची कला आणि समाजाचा इतिहास’ या विषयावर बोलावयास सांगितले. आम्ही बँकेतले कारकून. बी.ए.ला मराठी आणि इतिहास हे विषय होते, एवढीच आमची शिदोरी. तरीही सुरुवात आम्ही पॅलेस्टाईनपासून करणार आहोत. हिंगोलीत बसून पॅलेस्टाईन कशाला, असे काहींना वाटेल. त्यांनी थोडी सबुरी धरावी.

१९४८ साली इस्रायलची स्थापना झाली. त्या वेळच्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी माणसे घरादाराला मुकली. ते लोक या घटनेला ‘नकबा’ म्हणतात, म्हणजे महासंकट. चारशेहून अधिक गावे ओस पडली, पुष्कळशी जमीनदोस्त झाली. गावच नकाशावरून गेल्यावर त्या गावाचा इतिहास कोण लिहिणार? त्यांच्याजवळ सरकार नव्हते, विद्यापीठ नव्हते, दप्तरखाना नव्हता. छावणीतल्या तंबूत म्हाताऱ्या बायका होत्या, आणि त्यांच्या हातात सुई होती.

पॅलेस्टिनी बायकांच्या भरतकामाला ‘तत्रीज’ म्हणतात. पूर्वी त्यांच्या झग्यावरची नक्षी पाहून ही बाई कोणत्या भागातली, कोणत्या गावची, हे जाणकार सांगत असत. गाव गेले, पण नक्षी राहिली. आई मुलीला टाका शिकवीत राहिली आणि टाक्याबरोबर गावाचे नावही पुढे गेले. १९८७ साली पहिला उठाव झाला तेव्हा पॅलेस्टिनी झेंडा फडकवायला बंदी होती. तेव्हा बायकांनी झेंड्याचे रंग आणि देशाचा नकाशा आपल्या झग्यांवरच भरला. अंगावरचा कपडा कोण जप्त करणार! या कलेला २०२१ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांच्या आज्या मुलांना ज्या गोष्टी सांगतात, त्यांना ‘हिकाया’ म्हणतात. त्यांचाही समावेश त्या यादीत आहे.

वर्तमानपत्रांतूनही हेच घडले. नाजी अल-अली नावाच्या व्यंगचित्रकाराने १९६९ साली हंदाला नावाचा दहा वर्षांचा अनवाणी पोरगा कागदावर आणला. पुढे हा पोरगा वाचकांकडे पाठ करून उभा राहू लागला. १९८७ साली लंडनमध्ये या चित्रकारावर गोळी झाडली गेली आणि तो गेला. पोरगा मात्र अजून भिंतीभिंतीवर उभा आहे. आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती आणखी एक गोष्ट. निर्वासित झालेल्या लोकांनी आपापल्या गावांची पुस्तके स्वतःच लिहून काढली. विहिरी कोठे होत्या, शेते कोणाची होती, घराणी किती होती, लग्नात कोणती गाणी म्हणत. कोणी शाळामास्तराने लिहिली, तर कोणी आमच्यासारख्या कारकुनानेही लिहिली असतील.

ऑक्टोबर २०२३ नंतर गाझामध्ये जो संहार झाला त्यात माणसांबरोबर ग्रंथालये, जुन्या मशिदी, सांस्कृतिक केंद्रेही जमीनदोस्त झाली. ६ डिसेंबर २०२३ रोजी रिफात अलअरीर हे इंग्रजीचे प्राध्यापक आणि कवी बाँबहल्ल्यात मारले गेले. टाका आणि गाणे ही काही हौसेची बाब नाही, हे यावरून ध्यानात यावे.

आता आपल्याकडे येऊ. पण येथे एक फरक नमूद करावासा वाटतो, नाहीतर तुलना खोटी ठरेल. त्यांचे गाव त्यांच्यापासून हिरावले गेले. आपण गावात होतो, पण गावकुसाबाहेर. त्यांची म्हातारी गावची आठवण काढून रडते. आपल्या म्हातारीला गावची आठवण म्हणजे पाणवठ्यावर वरून ओतलेले पाणी. त्याच १९४८ सालच्या ४ नोव्हेंबरला बाबासाहेबांनी संविधान सभेत खेड्यांचा गौरव करणाऱ्यांना किती परखड उत्तर दिले, ते आपण सर्व जाणताच. म्हणून आपली गाणी हरवलेल्या गावाची गाणी नाहीत. ती माणूसपण मिळविण्याची गाणी आहेत. साधन मात्र तेच. ज्यांचा इतिहास दुसरे कोणी लिहीत नाही, त्यांनी तो गाऊन ठेवायचा.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला, शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. पुढे १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’, १९३० साली ‘जनता’, १९५६ साली ‘प्रबुद्ध भारत’. परंतु अंक वाचणार किती? अक्षरे येणारी माणसे बोटावर मोजण्याइतकी. तेथे जलसा पोहोचला. भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी तमाशाचाच साज घेतला, ढोलकी घेतली, तुणतुणे घेतले, पण आतला मजकूर बदलला. मुलाला शाळेत घाला, दारू सोडा, मेलेले ढोर ओढू नका, हे सभेतल्या भाषणाने जितके पटले नसेल तितके फार्सातल्या विनोदाने पटले. कर्डकांनी १९७८ साली ‘आंबेडकरी जलसे’ हे पुस्तक लिहिले नसते, तर यातले किती आज आपल्याला ठाऊक असते?

वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२चा, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचा. अक्षरे ते मोठेपणी शिकले, आणि मग आयुष्यभर लिहीत आणि गात गावोगाव हिंडले. १५ मे २००४ रोजी ते गेले. त्यांची गाणी मराठवाड्यात घरोघरी पाठ आहेत. परंतु आमचा अनुभव असा की गाणे पाठ असते आणि कवीचे नाव ठाऊक नसते. कॅसेटच्या काळात गाणे घराघरांत गेले हे खरे, त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. आता मोबाइलवर तेच गाणे येते, खाली ना कवी, ना गाव, ना साल.

मराठवाड्याला तर स्वतःचा असा एक अध्याय आहे. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर येथील वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला. ही सोळा वर्षे आपल्या भागातील गायन पार्ट्यांनी रात्र रात्र जागून गायिली. कोणत्या गावात काय घडले, कोणी आसरा दिला, कोणी दार लावून घेतले, हे त्या वह्यांत आहे. त्यांपैकी किती वह्या आज शिल्लक आहेत? वाळवीने किती खाल्ल्या आणि रद्दीत किती गेल्या?

आमच्या शाखेत निराधार योजनेचे पैसे घ्यायला म्हाताऱ्या बायका येतात. अंगठा लावतात. गर्दी कमी असली की आम्ही विचारतो, “मावशी, जात्यावरची ओवी येते का?” एकीने रांगेतच दहा-बारा ओव्या म्हटल्या, पाचव्या ओवीला मागच्या बाईने सूर धरला आणि आमचे साहेब काचेतून पाहू लागले. अंगठेबहाद्दर म्हणून आम्ही ज्यांची नोंद करतो, त्यांच्या पोटात असे ग्रंथ आहेत. शेजारच्या गंगाखेडची जनाबाई तरी दुसरे काय करीत होती?

हे काम होऊ शकते, याचा दाखला दूर नाही. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली बायकांनी बाबासाहेबांवरच्या आणि बुद्धावरच्या ओव्या म्हटल्या आणि त्या ध्वनिमुद्रित झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांतल्याच या. २०१७पासून ‘पारी’ ही संस्था त्या प्रसिद्ध करीत आहे, आणि ओवीसोबत म्हणणाऱ्या बाईचे नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. माजलगावला जमते ते कळमनुरीला, सेनगावला, औंढ्याला, वसमतला का जमू नये?

तरुण मित्र म्हणतील, आम्ही जयंतीला डीजे लावतो, ती कला नव्हे काय? लावा बापडे. तुमच्या उत्साहाला आमचा विरोध नाही. परंतु डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात शंभर वह्यांच्या झेरॉक्स निघतील. त्या भिंतीपुढे आपल्याच गावच्या शाहिराचा आवाज ऐकू येत नाही, आणि तो शाहीर आता ऐंशीच्या घरात आहे.

म्हणून संस्थेपुढे आमची एक सूचना आहे. विहारात एक रजिस्टर ठेवावे, बँकेच्या खातेवहीसारखे. रकाने साधे असावेत: गाण्याची पहिली ओळ, कोणी रचले, कोणाकडून शिकलो, कोणत्या गावी, साधारण कोणत्या साली गायिले. दर पौर्णिमेला दोन मुलांनी मोबाइल घेऊन एका गावी जावे, आवाज मुद्रित करून आणावा, वहीचे पान न् पान फोटोत घ्यावे आणि मूळ वही ज्याची त्याला परत द्यावी. ही शेवटची अट महत्त्वाची आहे. ‘पाहून देतो’ म्हणून नेलेल्या वह्या आजवर परत आलेल्या नाहीत, म्हणून म्हातारी माणसे आता वही हातची सोडत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे. पहिल्या वर्षाचे रजिस्टर आणि कोऱ्या कॅसेटऐवजी आता जी काय चकती लागते, तिचा खर्च आमच्याकडे लागला.

समोर तिसऱ्या रांगेत बसलेले आजोबा आपली वही पिशवीत घेऊन आले आहेत. नामांतराच्या काळात त्यांची पार्टी पायी गावोगाव जात असे. वहीचे पुठ्ठे सुतळीने बांधलेले आहेत. आम्ही पुरेसे बोललो. अध्यक्ष महोदयांनी त्यांना वर बोलवावे, आणि कोणीतरी तो मोबाइल चालू करावा.

जय भीम!